पऱ्हाटीपासून फळ्या आणि घरसामान

जालना जिल्ह्याच्या आठही तालुक्यांत कापूस हे खरिपाचे एक प्रमुख पीक आहे. शेवटची वेचणी झाली की पऱ्हाटी उपटून बांधावर रचली जाते. तिच्यातील काही चुलीत जाते, काही कुंपणास लागते आणि उरलेली उन्हाळ्यात शेतातच पेटवून दिली जाते. हीच पऱ्हाटी वेळेवर व योग्य रीतीने हाताळली, तर तिच्यापासून टेबल, कपाट, पलंग आणि शाळेची बाके ह्यांस लागणाऱ्या फळ्या तयार होऊ शकतात. ही गोष्ट प्रयोगाने सिद्ध झालेली आहे.

टाकाऊ वस्तूचे मोल जालनेकरांना नव्याने सांगावयास नको. जालना शहरातील पोलाद कारखान्यांत भंगार लोखंड भट्टीत वितळवून त्याच्या सळ्या केल्या जातात. शहराने भंगाराचे जे केले, ते खेड्याने पऱ्हाटीचे का करू नये, असा विचार ह्यामागे आहे.

पऱ्हाटी म्हणजे लाकूडच

पऱ्हाटी बारीक असली तरी तिची घडण लाकडासारखीच असते. तिच्यात सेल्युलोज व त्याच्या वर्गातील द्रव्ये सुमारे ७० टक्के असतात. तंतूंना एकत्र बांधून ठेवणारे लिग्निन हे द्रव्य सुमारे एक चतुर्थांश असते. हे प्रमाण कठीण जातीच्या सर्वसाधारण लाकडाच्या जवळपास येते. मात्र तिच्या मध्यभागी मऊ गाभा असतो आणि तो पाणी लवकर शोषतो. सालीचे धागे चिवट असल्याने दळताना त्यांचे गुंते होतात. फळी तयार करताना ह्या दोन्ही अडचणींची काळजी घ्यावी लागते.

मुंबईत माटुंगा येथे १९२४ मध्ये कापसाच्या तंत्रविषयक संशोधनासाठी एक प्रयोगशाळा स्थापन झाली. तीच आज केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था, म्हणजेच ‘सिरकॉट’, ह्या नावाने ओळखली जाते. ह्या संस्थेने पऱ्हाटीपासून पार्टिकल बोर्ड, म्हणजे लाकडाच्या कणांची दाबलेली फळी, तयार करण्याची पद्धत विकसित केली. अशा फळ्यांची कल्पना जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लाकडाची टंचाई झाली, तेव्हा जर्मनीत भुसा व ढलप्या ह्यांपासून कारखान्यात फळ्या करण्यास प्रारंभ झाला. पुढे उसाच्या चिपाडांचाही असा उपयोग करण्यात आला.

फळी कशी तयार होते?

प्रथम वाळलेल्या पऱ्हाटीचे यंत्राने सुमारे दोन सेंटिमीटर लांबीचे तुकडे करतात. माती व धूळ काढून टाकल्यावर ते तुकडे हातोडी-चक्कीत दळतात आणि जाड व बारीक कण चाळून वेगळे करतात. कण वाळवून त्यांतील ओल ३ ते ५ टक्क्यांपर्यंत आणली जाते. नंतर त्यांवर राळेसारखा कृत्रिम डिंक फवारतात. घरात वापरावयाच्या फळीसाठी बहुधा युरिया-फॉर्माल्डिहाइड हा डिंक घेतात. अधिक ओल सोसावी लागणार असेल तेथे फिनॉल-फॉर्माल्डिहाइड वापरतात.

डिंक लावलेल्या कणांचे तीन थर देतात. मधल्या थरात जाड कण आणि वरखाली बारीक कण घातल्याने पृष्ठभाग गुळगुळीत होतो. हा थर तापलेल्या दाबयंत्रात सुमारे १५० अंश सेल्सिअस उष्णतेवर दाबला की डिंक घट्ट होऊन फळी तयार होते. ती थंड करून कडा कापतात व घासतात. सर्वसाधारण वापराच्या लाकडी पार्टिकल बोर्डासाठी भारतीय मानक क्रमांक ३०८७ आहे. फळी घेताना मानकाचा शिक्का पाहून घ्यावा.

एका हेक्टरचा हिशेब

एका हेक्टर कपाशीपासून साधारणतः २ ते ३ टन पऱ्हाटी निघते. आठ फूट लांब, चार फूट रुंद व १८ मिलिमीटर जाड अशी एक फळी सुमारे ३५ ते ४० किलो वजनाची भरते. ओल, माती व चाळणीतील घट मिळून निम्मा माल वजा झाला असे धरले, तरी २ टन पऱ्हाटीपासून १ टन उपयोगी माल, म्हणजे सुमारे २५ फळ्यांपुरता माल मिळतो. एवढ्या फळ्यांत एका लहान शाळेच्या बाकांचे व कपाटांचे काम होण्यासारखे आहे.

परंतु पऱ्हाटी वजनाला हलकी व आकाराने मोठी असते. गाडी भरलेली दिसते आणि वजन थोडे भरते. त्यामुळे अखंड पऱ्हाटी दूर नेणे परवडत नाही. तिचे तुकडे शेताजवळच करावेत आणि मग वाहतूक करावी, हा मार्ग अधिक किफायतीचा आहे. हे काम एकट्या शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेरचे असल्याने गटाने किंवा सहकारी संस्थेने तुकडे करण्याचे यंत्र घेणे इष्ट होय.

बांधावरील गंजीचा धोका

येथे एक गोष्ट विशेष लक्षात ठेवली पाहिजे. पुढे भाव येईल ह्या आशेने पऱ्हाटीच्या गंजी महिनोन्‌महिने बांधावर ठेवणे अत्यंत हानिकारक आहे. झाडावर राहिलेल्या किडक्या व न फुटलेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी, जिला शेंदरी बोंडअळी असेही म्हणतात, सुप्तावस्थेत राहते आणि पुढील हंगामात नव्या पिकावर उतरते. २०१७ च्या हंगामात ह्या अळीने महाराष्ट्रातील कापूस उत्पादकांचे किती नुकसान केले, हे शेतकरी बंधू विसरलेले नाहीत.

म्हणून हंगाम डिसेंबर किंवा फार तर जानेवारीत संपवावा व फरदड घेऊ नये. वेचणी संपल्यावर शेतात शेळ्यामेंढ्या चरावयास सोडाव्यात, म्हणजे उरलेली बोंडे खाल्ली जातात. त्यानंतर चिमट्याने पऱ्हाटी मुळासकट उपटून, उन्हात वाळवून, तिचे लगेच तुकडे करावेत. ह्यामुळे अळीचा आसरा नाहीसा होतो. फळीसाठीही असाच स्वच्छ व कोरडा माल लागतो, कारण फार दिवस पडून राहिलेल्या पऱ्हाटीस बुरशी व भुंगे लागतात. पिकाचे रक्षण आणि मालाची प्रत ह्या दोन्हींसाठी करावयाचे काम एकच आहे.

सामानाची रचना

पऱ्हाटीच्या फळीचे सामान सागवानाच्या रीतीने केल्यास टिकणार नाही. हल्लीचे रचनाकार शेतातील अवशेष, बांबू किंवा वेत ह्यांपासून सुबक सामान करतात, ते त्या त्या मालाचा स्वभाव ओळखून. ह्या फळीचा स्वभाव असा की, ती सपाट असते व वाकत कमी. परंतु कडेला ठिसूळ असते आणि पाणी लागल्यास फुगते.

ह्यावरून पुढील नियम निघतात. कपाटातील फळीला दर दोन फुटांवर आधार द्यावा. स्क्रू कडेत न बसविता सपाट बाजूने, आधी बारीक छिद्र पाडून बसवावेत. सर्व उघड्या कडा लाकडी पट्टीने बंद करून रंगवाव्यात. सामान जमिनीला टेकवू नये. त्यास चार ते सहा इंच उंचीचे पाय असावेत. वजन पेलण्याचे काम लोखंडी चौकटीला अथवा पक्क्या, प्रक्रिया केलेल्या बांबूला द्यावे आणि फळी केवळ पृष्ठभागासाठी वापरावी. गावचा सुतार व लोहार मिळून असे बाक सहज करू शकतील. मात्र डिंकामुळे ह्या फळीचे तुकडे चुलीत कदापि जाळू नयेत. नवे सामान काही दिवस हवेशीर जागी ठेवावे.

कार्यकर्त्यांचे काम

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी प्रथम गावातील कपाशीचे क्षेत्र मोजून पऱ्हाटीचा अंदाज काढावा. नंतर फळ्यांचा कारखाना किंवा अन्य खरेदीदार वाहतुकीच्या टप्प्यात आहे किंवा नाही, ह्याची चौकशी करावी. खरपुडी व बदनापूर येथील कृषी विज्ञान केंद्रांचा सल्ला घ्यावा. तंत्रविषयक माहिती सिरकॉटच्या नागपूर येथील केंद्राकडे मागावी.

खरेदीदाराचा लेखी करार झाल्याशिवाय शेतकऱ्यांना भावाची आशा दाखवू नये. खरेदीदार नसेल तर तुकडे केलेल्या पऱ्हाटीचे कंपोस्ट करावे किंवा ते जमिनीत मिसळावेत. जाळल्याने जमिनीला परत मिळण्याजोगा सेंद्रिय अंश नष्ट होतो, तो तरी अशा रीतीने वाचतो. पऱ्हाटीचे शेवटी काहीही करावयाचे असो, शेवटच्या वेचणीनंतर ती बांधावर राहता कामा नये.