यान प्रकाशाच्या पुढे जाईल?

बीबीसीने १९८८ मध्ये 'रेड ड्वार्फ' ही अंतराळयानावरील विनोदी मालिका सुरू केली. तिच्या दुसऱ्याच भागात, ३० लाख वर्षे वेग वाढवीत आलेले यान प्रकाशाचा वेग ओलांडते आणि प्रवाशांना पुढचे प्रसंग आधीच दिसू लागतात! चाहत्यांत वाद जुंपावा असाच हा प्रश्न : हे शक्य आहे का?

चला, कागद-पेन्सिल घ्या. समजा, यानाचे त्वरण गुरुत्व त्वरणाइतके, म्हणजे ९.८ मीटर/सेकंद² आहे. वर्षाचे सुमारे ३ कोटी १५ लाख सेकंद होतात. गुणाकार करा : सेकंदाला जवळजवळ ३१ कोटी मीटर. प्रकाशाचा वेग तर ३० कोटी! मग ३० लाख वर्षे कशाला, एकच वर्ष पुरे?

नाही. आइन्स्टाइनने १९०५ मध्ये दाखवून दिले की, प्रकाशाच्या वेगाजवळ जावे तसतशी थोडाही वेग वाढविण्यास अधिकाधिक ऊर्जा लागते. यानातील घड्याळाने वर्ष संपेल तेव्हा वेग प्रकाशाच्या सुमारे ७७ टक्केच भरेल. ३० लाख वर्षांनीही पूर्ण १०० नाही. सर्नच्या यंत्रात प्रोटॉन ९९.९९९९९९ टक्क्यांपर्यंत पोचतात, तरी प्रकाशाला गाठत नाहीत.

मग आपले सूत्र खोटे? मुळीच नाही! आगगाडीला, विमानाला ते चोख लागू पडते. त्याला हद्द आहे, एवढेच. सूत्र पाठ करताना त्याची हद्दही विचारीत जा.