ग्रंथ उघडण्यापूर्वीचा प्रश्न

नवा ग्रंथ हाती आला की पहिल्या पानापासून वाचनास प्रारंभ करावयाचा आणि चार-दोन अध्यायांनंतर रुग्णांच्या गर्दीत तो कपाटात जावयाचा, हा बहुतेक चिकित्सकांचा अनुभव आहे. यावरील उपाय आपल्याच शास्त्रकारांनी सांगून ठेविला आहे. चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठव्या अध्यायात अध्ययनापूर्वी शास्त्राचीच परीक्षा करण्यास सांगितले आहे. विषय, प्रयोजन, संबंध व अधिकारी हे अनुबंधचतुष्टय ग्रंथारंभी जाणून घेण्याची परंपराही याच हेतूची आहे.

सुपा येथील औद्योगिक वसाहतीत पाळ्यांमध्ये काम करणारे, अवेळी जेवणारे अम्लपित्ताचे रुग्ण आमच्याकडे नित्य येतात. हा प्रश्न मनात धरून चरकसंहिता उघडली, तर अम्लपित्ताचा स्वतंत्र अध्याय तेथे आढळत नाही. चिकित्सास्थानातील पंधराव्या, ग्रहणीविषयक अध्यायाकडे वळावे लागते. स्वतंत्र निदान माधवनिदानाच्या 51व्या अध्यायात मिळते, तर काश्यपसंहितेच्या खिलस्थानात त्यावर वेगळा अध्याय आहे. प्रश्न निश्चित असल्यास या तिन्ही ग्रंथांतील नेमकी पाने एका बैठकीत वाचून होतात आणि दुसऱ्या दिवशीच्या रुग्णास त्यांचा लाभ मिळतो.

औषधनिर्मात्यांच्या दृष्टीने तर हा प्रश्न अधिकच गंभीर आहे. 1940च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत जे ग्रंथ प्रमाण मानले आहेत, त्यांत शार्ङ्गधरसंहितेचा समावेश आहे. तिच्या मध्यमखंडातील पाठ तेवढा उतरवून घेणाऱ्यास पूर्वखंडाच्या पहिल्या अध्यायातील मानपरिभाषा ठाऊक नसते. कुडवापर्यंत सर्व द्रव्यांचे मान समान, मात्र प्रस्थापासून पुढे द्रव व आर्द्र द्रव्ये द्विगुण घ्यावीत, हा नियम तेथे आहे. तो सुटल्यास पाठ अचूक असूनही कल्प बिघडतो. म्हणून प्रयोजनपूर्वक वाचन म्हणजे केवळ हवे तेवढे पान वाचणे नव्हे. त्या पानाचा अर्थ ज्यावर अवलंबून आहे, ते स्थळही शोधणे होय.

आमची वाचकांस विनंती एवढीच, की ग्रंथ उघडण्यापूर्वी आपला प्रश्न एका चिठ्ठीवर लिहावा, अनुक्रमणिका व परिभाषा आधी पाहावी आणि चरकसंहितेत अध्यायाच्या शेवटचे संग्रहश्लोक प्रथम वाचावेत. उत्तर मिळताच ते चिठ्ठीवर, अध्याय व श्लोकाच्या क्रमांकासह, नोंदवावे. अशा चिठ्ठ्या वर्षभर जपल्यास प्रत्येक चिकित्सालयात स्वतःचा एक संदर्भग्रंथ तयार होईल.