मुखपट्टीआड हरवलेले शब्द

रायगडाच्या पायथ्याशी वसलेल्या पाचाडात आषाढाचा पाऊस पत्र्यावर कोसळू लागला, की शेजाऱ्याचे बोलणेही नीट उमगत नाही. अशा दिवशी दवाखान्यात एकट्या आलेल्या, मुले मुंबईस असलेल्या एखाद्या आजींची कल्पना करा. मुखपट्टी लावलेले डॉक्टर सांगतात, ‘गोळी आठ दिवस घ्या.’ आजींना ‘साठ’ ऐकू येते. पुन्हा विचारण्याचा संकोच वाटतो; त्या मान डोलावून निघतात.

वार्धक्यात बहुधा उच्च कंपनांचे ध्वनी प्रथम मंदावतात. स, श, त, थ ही व्यंजने त्यांतलीच. स्वर कानी पडतो, व्यंजन निसटते. म्हणूनच ‘ऐकू येते, पण कळत नाही’ ही तक्रार असते. मुखपट्टी नेमके हेच ध्वनी अडवते. २०२० मधील एका मोजमापात साध्या वैद्यकीय मुखपट्टीने ते ३ ते ४ डेसिबलने, तर एन-९५ ने सुमारे १२ डेसिबलने क्षीण झाल्याचे आढळले. शिवाय ओठही झाकले जातात आणि नकळत त्यांवर विसंबणाऱ्याचा आधार तुटतो.

महाराष्ट्रात मुखपट्टीची सक्ती २ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्यास संपली. तरीही क्षयरोग, दंतोपचार, डायलिसिस अशा ठिकाणी ती राहणार आणि राहावयासच हवी. तेव्हा ती काढण्याऐवजी तिच्यामुळे गमावलेले भरून काढणे, हे आपले काम होय.

त्यासाठी बोलण्यापूर्वी नावाने हाक मारा. उजेड आपल्या चेहऱ्यावर पडेल असे समोर बसा आणि पावसाच्या, पंख्याच्या आवाजापासून दूर व्हा. ओरडू नका, ओरडण्याने स्वर वाढतात, व्यंजने स्पष्ट होत नाहीत. सावकाश बोला. न कळल्यास तेच वाक्य पुन्हा न म्हणता वेगळ्या शब्दांत सांगा.

औषधाची मात्रा, वेळ व दिवस मात्र नेहमी कागदावर लिहून घ्या. ‘कळले ना?’ या प्रश्नाला ‘हो’ एवढेच उत्तर मिळते. त्याऐवजी म्हणा, ‘ही गोळी कधी घ्यायची, मला सांगा बरे.’

श्रवणयंत्र कानामागे असेल तर मुखपट्टीची दोरी त्यात अडकते आणि मुखपट्टी काढताना यंत्र निसटून हरवते. डोक्यामागे बांधावयाच्या नाड्यांची मुखपट्टी वापरा. पारदर्शक खिडकीच्या मुखपट्टीतून ओठ दिसतात. परंतु तिने आवाज अधिक दबतो, म्हणून बोलणे अधिक सावकाश हवे.

वाचा अडखळते त्यांची अडचण निराळी. पक्षाघातानंतर शब्द उशिरा सुचतात, कंपवातात आवाज क्षीण होतो. त्यांचे वाक्य आपण पुरे करू नका. ‘हो’ किंवा ‘नाही’ असे उत्तर येईल असे प्रश्न विचारा, पाटी वा चित्रे जवळ ठेवा. स्वरयंत्र काढलेली व्यक्ती गळ्यावरील छिद्रातून श्वास घेते, म्हणून ते छिद्रही झाकावयास हवे, हे ध्यानी असावे.

ज्येष्ठ वाचकहो, खिशात एक चिठ्ठी ठेवा: ‘मला कमी ऐकू येते. समोर पाहून सावकाश बोला अथवा लिहून द्या.’ पाचाडहून एसटीने महाडला एकटे जाताना ती उपयोगी पडेल. श्रवणचाचणीही टाळू नका. मुंबईत वांद्रे येथे १९८३ पासून कार्यरत असलेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था यासाठीच आहे. राष्ट्रीय वयोश्री योजनेतून दारिद्र्यरेषेखालील ज्येष्ठांना श्रवणयंत्रही मिळू शकते. न ऐकू आल्यास ‘पुन्हा सांगा’ म्हणण्यात कमीपणा नाही. न कळता घेतलेल्या गोळीत मात्र धोका आहे.