कुत्र्यालाही गोठा हवा

‘गावाकडच्या कुत्र्याला वेगळी जागा कशाला? सगळा मळाच त्याचा!’ जुन्नर-आंबेगावात कुत्र्यांसाठी बाग किंवा आवार आखण्याची गोष्ट काढली की पहिलं उत्तर हेच मिळतं. दिवसापुरतं ते खरंही आहे. शहरातल्या सदनिकेत अडकलेल्या कुत्र्याला धावायला, हुंगायला, माती उकरायला जी मोकळीक मुद्दाम करून द्यावी लागते, ती इथल्या कुत्र्याला बांधाबांधावर मिळते. पण दिवस मावळला की हिशेब उलटतो. कुकडी प्रकल्पाच्या कालव्यांनी आणि डिंभे धरणाच्या पाण्यानं इथे उसाचे फड उभे राहिले. त्या फडात बिबट्याला आडोसा मिळतो, पाणी मिळतं, मादी तिथेच पिलंही घालते. म्हणून पुण्यात कुत्र्यासाठी जागा आखताना पहिला प्रश्न पळायला किती वाव आहे हा असेल. इथे पहिला प्रश्न रात्री तो कुठे झोपणार, हाच असला पाहिजे.

‘बिबट्या येतो तो शेळ्यांसाठी’ हा दुसरा समज. शेजारच्या अकोले तालुक्यात वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्याची विष्ठा तपासून त्याच्या आहाराचा अभ्यास केला. खाल्लेल्या भक्ष्याच्या वजनाचा हिशेब मांडला तेव्हा ८७ टक्के वाटा माणसाच्या आसऱ्यानं राहणाऱ्या जनावरांचा निघाला आणि त्यात एकट्या कुत्र्यांचा ३९ टक्के. शेळ्यांचा वाटा जेमतेम ११ टक्के होता, आणि त्या भागात शेळ्या कुत्र्यांच्या सातपट होत्या! शेळी कुत्र्यापेक्षा चपळ नाही की शूर नाही. फरक एवढाच की संध्याकाळ झाली की आपण तिला आत घेतो, दार लावतो आणि कुत्र्याला बाहेर ठेवतो. मला या आकड्यांत मोठा दिलासा दिसतो. बंद गोठ्यानं शेळी वाचते, तर कुत्राही वाचू शकतो.

‘कुत्रा भुंकला की बिबट्या पळून जातो.’ भुंकण्यानं माणूस जागा होतो, हे खरं. माणसं बाहेर आली, उजेड पडला, आरडाओरडा झाला, तर बिबट्या बहुधा माघार घेतो. पण एकट्या कुत्र्याचं भुंकणं त्याला भक्ष्याचा ठावठिकाणा सांगतं. त्यात कुत्रा ओट्यापाशी साखळीनं बांधलेला असेल तर त्याला पळताही येत नाही. शिवाय भक्ष्य थेट उंबऱ्याशी असल्यामुळे बिबट्याला आपणच दारात बोलावतो, जिथे पडवीत आजी झोपलेली असते आणि पहाटे पोरं उठून अंगणात येतात. राखणीसाठी बांधलेला कुत्रा घराचाच धोका वाढवतो, ही गोष्ट प्रत्येक वस्तीवर बोलली गेली पाहिजे. रात्रीची लाइट आली म्हणून पिकाला पाणी द्यायला कुत्र्याला सोबत घेऊन जाणाऱ्यांनीही सोबतचा कुत्रा बिबट्याला ओढून आणू शकतो, हे ध्यानात ठेवावं.

खिळ्यांचा पट्टा? हिमालयातले मेंढपाळ आपल्या कुत्र्यांना लोखंडी काट्यांचे पट्टे घालतात. मानेवरची पकड त्यानं काही अंशी चुकते. पण ते कुत्रे दांडगे असतात, मोकळे असतात आणि जोडीनं राखण करतात. साखळीला बांधलेल्या एकट्या कुत्र्याला नुसत्या पट्ट्याच्या भरवशावर सोडणं मला पटत नाही.

मग आवार कसं असावं? ‘उंच कुंपण घातलं की झालं’ हाही गैरसमजच. बिबट्या झाडावर चढणारा प्राणी आहे, भिंत त्याला अडवत नाही. त्यामुळे रात्रीच्या निवाऱ्याला वरूनही जाळी किंवा छप्पर हवंच. जाळी जाड तारेची आणि पंजा आत जाणार नाही इतक्या बारीक घरांची असावी, खाली जमिनीत गाडलेली असावी. दाराला ढकलून न उघडणारी कडी हवी. नुसत्या पत्र्याखाली उन्हाळ्यात कुत्र्याची तगमग होते, कारण त्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो धापा टाकूनच अंग थंड करतो. वर उसाचं पाचट अंथरलं आणि दोन बाजूंनी वारा खेळता ठेवला तर पुष्कळ फरक पडतो. आत ओल न लागणारा उंचवटा आणि पाण्याचं भांडं हवं. निवारा घराच्या भिंतीला लागून पण फडापासून दूर असावा. मधली जागा मोकळी, गवत काढलेली ठेवावी. कुत्रा आतूनही भुंकतोच, त्यामुळे राखण सुटत नाही.

जुन्नर, मंचर, नारायणगावसारख्या ठिकाणी सार्वजनिक बागेचा एखादा कोपरा कुत्र्यांसाठी राखायचा झाला तर तो दिवेलागणीपूर्वी बंद झाला पाहिजे. गर्द झुडपांऐवजी खोड मोकळं असलेली सावलीची झाडं लावावीत. मटणाच्या दुकानांचा आणि पोल्ट्रीचा कचरा जवळपास पडत असेल, तर अशी बाग करूच नये. कचऱ्यावर कुत्री जमतात आणि त्यांच्या मागावर बिबट्या येतो.

‘सगळी कुत्रीच हटवा, बिबटे आपोआप जातील’ असंही काही जण सांगतात. कुत्रा नसेल तर मांजर आहे, डुक्कर आहे, उघड्यावरची शेळी आहे. शिवाय २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार भटकी कुत्री निर्बीजीकरण करून आणि रेबीजची लस देऊन सर्वसाधारणपणे मूळ जागीच सोडायची असतात. आणि बिबटे हटवण्याचा अनुभव जुन्नरनं घेतलेला आहे. २००१ पासून पकडलेले बिबटे दुसरीकडे नेऊन सोडले गेले, तेव्हा माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी ४ वरून १७ वर गेल्याचं अत्रेय यांच्याच अभ्यासात दिसलं.

या सगळ्यात सर्वांत उघडे पडतात ते ऊसतोड कामगार. हंगाम सुरू झाला की फडाच्या कडेला कोप्या उभ्या राहतात. पाचटाच्या त्या भिंतींआड लेकरं झोपतात, बाहेर बैल असतात आणि गावाहून सोबत आलेली कुत्री. त्याच सुमारास फड तुटत जातो, बिबट्याचा आडोसा कमी होतो आणि तो जागा बदलू लागतो. पक्का गोठा बांधणं या माणसांच्या हातात नाही. ऊस नेणाऱ्या कारखान्यांनी प्रत्येक तळावर छप्पर असलेला, हलवता येईल असा जाळीचा पिंजरा आणि एक सौर दिवा द्यावा. तोड सुरू होण्यापूर्वीच.