‘अर्धस्वयंचलित’ म्हणजे काय?

वर्तमानपत्रात अशी बातमी तुम्ही वाचली असेल : ‘पोलिसांनी एका इसमाकडून एक पिस्तूल व दोन जिवंत काडतुसे जप्त केली.’ येथे ‘जिवंत’ म्हणजे अजून न उडालेली काडतुसे, हे तुम्ही ओळखले असेलच. पण अशा बातमीत पिस्तुलाच्या आधी कधी ‘स्वयंचलित’, तर कधी ‘अर्धस्वयंचलित’ असा शब्द येतो. हे दोन्ही शब्द एकाच अर्थाचे आहेत का? नाही. त्यांच्यात मोठा फरक आहे. तो आज आपण समजून घेऊ.

प्रथम शब्दाचे तीन तुकडे करू : अर्ध, स्वयं आणि चलित. ‘अर्ध’ म्हणजे अर्धे. अर्धशतक, अर्धवार्षिक परीक्षा हे शब्द तुम्हाला माहीत आहेत. ‘स्वयं’ म्हणजे स्वतः. स्वयंसेवक, स्वयंरोजगार या शब्दांत तो आहे. आपल्या घरी रोज होणाऱ्या ‘स्वयंपाका’तही तो लपलेला आहे! ‘चलित’ म्हणजे चाललेले किंवा चालवलेले. म्हणून ‘स्वयंचलित’ म्हणजे आपले आपण चालणारे आणि ‘अर्धस्वयंचलित’ म्हणजे काही काम आपले आपण करणारे, पण बाकीच्या कामासाठी माणसाची वाट पाहणारे.

उर्दूत यालाच आपण ‘नीम खुदकार’ म्हणतो. ‘नीम’ म्हणजे अर्ध आणि ‘खुद’ म्हणजे स्वयं. हा ‘खुद’ मराठीतही ‘खुद्द’ होऊन आला आहे. ‘खुद्द मुख्याध्यापक वर्गात आले’ असे आपण म्हणतो. ‘बंदूक’ हा शब्दही अरबी-फारसीतून दोन्ही भाषांत आला. उर्दूतील ‘कारतूस’ला मराठीत ‘काडतूस’ म्हणतात. तेव्हा हा धडा तुम्हाला परका वाटण्याचे कारण नाही.

आता बंदुकीतील फरक पाहू. जुन्या ३०३ रायफलीत प्रत्येक गोळीनंतर शिपायाला हाताने खटका मागेपुढे करावा लागे. तेव्हा कुठे पुढचे काडतूस नळीत येई. अर्धस्वयंचलित रायफलीत ही मेहनत वाचली. गोळी सुटताना जो जोर निर्माण होतो, त्याच जोरावर रिकामी पुंगळी बाहेर फेकली जाते आणि पुढचे काडतूस जागेवर येऊन बसते. मात्र पुढची गोळी सुटण्यासाठी बोट उचलून चाप पुन्हा ओढावाच लागतो. चाप एकदा ओढला की गोळी एकच. पूर्ण स्वयंचलित बंदुकीत तसे नसते. चाप दाबून धरला की काडतुसे संपेपर्यंत गोळ्या सुटत राहतात.

आपल्या सैन्याने अनेक वर्षे ‘सेल्फ लोडिंग रायफल’ वापरली. इंग्रजीतील हे नाव अगदी नेमके आहे. ती स्वतः भरली जाते, पण स्वतः चालत नाही. चालवणारे बोट माणसाचेच असते.

हा फरक केवळ शब्दांचा नाही, कायद्याचाही आहे. भारताच्या १९५९ च्या शस्त्र अधिनियमात ‘निषिद्ध शस्त्र’ कोणते ते सांगितले आहे. चाप दाबलेला असेपर्यंत किंवा काडतुसे संपेपर्यंत ज्यातून गोळ्या सुटत राहतात, असे शस्त्र त्यात येते. कोणतेही पिस्तूल किंवा बंदूक विनापरवाना बाळगणे हा गुन्हाच आहे; पण निषिद्ध शस्त्र बाळगण्याची शिक्षा अधिक कडक आहे. न्यायालय शस्त्राची तपासणी झाल्यावर निर्णय देते. वाचक मात्र सकाळी चहा पिता पिता बातमीतील एका शब्दावरून आपले मत बनवतो. बातमीदाराने ‘अर्ध’ ही दोन अक्षरे गाळली, तर आरोप आहे त्याहून मोठा दिसतो. एखाद्या माणसाविषयी बोलताना दोन अक्षरांचाही हिशेब ठेवावा लागतो, तो यासाठी.

आता बंदूक बाजूला ठेवू. हा शब्द सर्वांत जास्त कोठे ऐकू येतो? कारखान्यात! पुण्याजवळील पिंपरी-चिंचवड, भोसरी आणि चाकण हा मोठा औद्योगिक पट्टा आहे. चाकणच्या मोटार कारखान्यांत यंत्रमानव वेल्डिंग करतात. ते काम स्वयंचलित असते. पण भोसरीसारख्या भागातील लहान कारखान्यांत पुष्कळ यंत्रे अर्धस्वयंचलित असतात. कामगार त्यांना ‘सेमी ऑटोमॅटिक’ म्हणतात.

पत्रा दाबून सुटे भाग बनवणाऱ्या प्रेसचे उदाहरण घ्या. कामगार पत्रा साच्यात ठेवतो आणि दोन बटणे दोन हातांनी एकदम दाबतो. यंत्र एकदाच खाली येते, पत्र्याला आकार देते आणि वर जाऊन थांबते. पुढच्या वेळी पुन्हा दोन्ही बटणे दाबावी लागतात. एक हुकूम, एक काम! चाप आणि गोळी यांचेच हे नाते नाही का?

बटणे दोन का, हे लक्षात घ्या. दोन्ही हात बटणांवर असले म्हणजे एकही हात साच्यात राहत नाही. काम लवकर उरकावे म्हणून कोणी एक बटण कायमचे दाबून बांधून ठेवले, तर एक हात मोकळा राहतो आणि क्षणात बोटे जाऊ शकतात. तेव्हा ‘अर्ध’ हा शब्द यंत्राचा कमीपणा सांगत नाही. ‘येथे माणसाने जागे राहायचे आहे’ असे तो सांगतो. तुमच्यापैकी कित्येकांचे वडील, चाचा किंवा मोठे भाऊ अशा यंत्रांवर काम करत असतील. त्यांना याविषयी जरूर विचारा.

घरातही हा शब्द आला आहे. अर्धस्वयंचलित धुलाई यंत्राला दोन टाक्या असतात. एका टाकीत कपडे धुतले जातात; ते पिळण्यासाठी दुसऱ्या टाकीत आपणच टाकायचे असतात. पूर्ण स्वयंचलित यंत्रात ही सर्व कामे एकाच टाकीत आपोआप होतात.

लिहिताना दोन गोष्टी ध्यानात ठेवा. ‘अर्धस्वयंचलित’ हा शब्द जोडून लिहावा आणि ‘यं’ वरील अनुस्वार विसरू नये. हे विशेषण लिंग-वचनानुसार बदलत नाही. मोठा कारखाना, मोठी रायफल, मोठे यंत्र असा बदल येथे होत नाही. अर्धस्वयंचलित माग, अर्धस्वयंचलित रायफल, अर्धस्वयंचलित यंत्रे असेच आपण लिहितो.

मित्रांनो, आता तुमच्या घरातील आणि परिसरातील यंत्रांकडे पाहा. कोणते यंत्र हाताने चालते, कोणते अर्धस्वयंचलित आहे आणि कोणते पूर्ण स्वयंचलित, ते वहीत लिहा. प्रत्येक यंत्राला एकच प्रश्न विचारा : ‘पुढच्या कामासाठी तू माझी वाट पाहतोस का?’ उत्तर ‘हो’ असेल, तर त्या यंत्राची जबाबदारी तुमच्या हातात आहे.