1089 चौरस फुटांचे कोडे

शहरात जागेचा व्यवहार चौरस फुटांत होतो. शहराची हद्द ओलांडली की भाषा गुंठ्यावर येते. एक गुंठा म्हणजे 1089 चौरस फूट, हे जमीन घेणाऱ्या-विकणाऱ्या प्रत्येकाला तोंडपाठ असते. पण हजार नाही, अकराशे नाही, नेमके 1089 च का, हा प्रश्न सहसा कुणाला पडत नाही. उत्तर एका लोखंडी साखळीत आहे. ही साखळी 33 फूट लांब होती. तिच्या लांबीचा चौरस म्हणजे गुंठा, आणि असे 40 गुंठे मिळून एक एकर. सतराव्या शतकात एडमंड गंटर या इंग्रज गणितज्ञाने मोजणीसाठी 66 फुटांची साखळी रूढ केली होती. तिचीच ही अर्धी आवृत्ती. मात्र ती शंभर कड्यांत न विभागता रुपयाप्रमाणे सोळा आण्यांत विभागली गेली. माप विलायती, हिशेब देशी, असा हा संकर होता. शहराभोवतीच्या आपल्या पत्त्यांमध्ये येणारा ‘स. नं.’, सात-बाराचा उतारा, बांधावरचे तंटे, या साऱ्यांचा उगम त्या साखळीपाशी जातो.

1818 मध्ये पेशवाई बुडाली आणि दख्खनचा मुलूख कंपनी सरकारच्या हाती आला. मुलूख हाती आला तरी त्याचे ज्ञान हाती आले नव्हते. कोणत्या गावात किती जमीन, ती कोण कसतो, कोणती इनाम, कोणती पडीक, हे सारे कुलकर्ण्याच्या दप्तरात आणि पाटलाच्या स्मरणात होते. मोजणी आपल्याकडे नवी नव्हती. मलिक अंबरची जमीनव्यवस्था, शिवकाळात अण्णाजी दत्तोंनी केलेली पाहणी, पेशवाईतील कमाल आकारणी ही परंपरा होतीच. परंतु बिघा गावागणिक बदले. काही ठिकाणी तर जमिनीचे माप क्षेत्रावर नव्हे, तिच्या उत्पन्नावर ठरे. हलक्या जमिनीचा बिघा मोठा आणि कसदार जमिनीचा लहान. गावाच्या दृष्टीने यात शहाणपण होते. दूरच्या कचेरीत बसून सारा ठरवणाऱ्याला मात्र त्यातून काहीच उमगत नसे.

पहिला मोठा प्रयत्न रॉबर्ट कीथ प्रिंगल या तरुण मुलकी अधिकाऱ्याने 1820 च्या दशकाच्या अखेरीस केला. प्रिंगल हेलिबरी कॉलेजात थॉमस माल्थसच्या हाताखाली शिकलेला होता, आणि डेव्हिड रिकार्डोचा खंडाचा सिद्धांत त्याच्या मनावर ठसलेला होता. शेताचे एकूण उत्पन्न काढावे, त्यातून मशागतीचा सर्व खर्च वजा करावा, आणि उरलेल्या निव्वळ उत्पन्नाचे 55 टक्के सरकारने घ्यावेत, अशी त्याची योजना होती. कागदावर ती निर्दोष दिसते. पण प्रत्येक प्रतीच्या जमिनीत बी किती, बैलांचा खर्च किती, मजुरी किती, चांगल्या-वाईट सालांची सरासरी किती, याचे आकडे गोळा करायचे कुणी? ते काम मोजणीच्या कारकुनांवर पडले. त्यांत अडाणीपणा होता, लाचलुचपतही होती. गाळाची जमीन बरड ठरली आणि बरड जमीन गाळाची. त्यात धान्याचे भाव उतरत होते. बसवलेला सारा वसूल होईना, आणि शेतकरी जमिनी टाकून निघून जाऊ लागले.

या आपत्तीची सर्वांत मोठी झळ बसलेल्या भागांत पुणे जिल्ह्याच्या पूर्व टोकाचा, भीमा आणि नीरा या नद्यांमधला इंदापूर तालुका होता. दोन्ही बाजूंना नद्या, पण पाऊस बेभरवशाचा. 1835 मध्ये तेथे फेरपाहणीसाठी दोन माणसे आली. हेन्री गोल्डस्मिड हा मुलकी अधिकारी आणि जॉर्ज विंगेट हा मुंबई इंजिनिअर्सचा लेफ्टनंट. या दोघांनी उभी केलेली पद्धत पुढे जवळजवळ सर्व मुंबई इलाख्यात लागू झाली. 1847 च्या ‘जॉइंट रिपोर्ट’मध्ये तिचे नियम ग्रथित झाले, त्यावर तिसरी सही कॅप्टन डेव्हिडसन यांची होती.

त्यांनी प्रथम गावाची जमीन नंबरांत पाडली. एका नंबराचा आकार किती असावा, याची त्यांची कसोटी मोठी व्यवहारी होती. एका बैलजोडीने जेवढी जमीन कसता येईल तेवढी. हलकी जिरायत असेल तर सुमारे 20 एकर, मध्यम असेल तर 15, भारी काळी असेल तर 12, आणि भातखाचर असेल तर 4 एकर. आज ज्या सर्व्हे नंबरावर तीन-चार गृहरचना संस्था आणि एखादे मंगल कार्यालय उभे असते, त्याची हद्द कधी काळी अशी बैलांच्या दमावरून ठरली आहे. नंबराच्या कडेने बांध राखायचे, कोपऱ्यांवर दगड रोवायचे. शंकू आणि साखळी घेऊन मोजणीदार शेताचे त्रिकोण पाडी, लांबी-रुंदी टिपणात उतरवी, आणि त्यावरून क्षेत्र काढले जाई. वरिष्ठ अधिकारी त्यातला ठराविक भाग स्वतः पुन्हा मोजून पाहत. कारकुनावर विसंबून प्रिंगलची काय गत झाली, हे त्यांना ठाऊक होते.

यानंतर प्रतबंदी. शेताचे कल्पित रेषांनी चौकोन पाडायचे आणि प्रत्येक चौकोनात खणून मातीची खोली पाहायची. काळी, तांबूस आणि मुरमाड अशा मातीच्या तीन जाती. खोली हातांत मोजायची. पावणेदोन हात खोल उत्तम काळी माती म्हणजे सोळा आणे. तेथून उतरत उतरत नवव्या प्रतीला दोन आणे. मग दोष. चुनखडी आहे का, वाळू मिसळली आहे का, उतार आहे का, पाणी तुंबते का, पुराचे पाणी वरून जाते का? एका दोषामागे एक प्रत खाली. सगळ्या चौकोनांची सरासरी काढली की शेत बारा आण्यांचे की सात आण्यांचे, ते ठरे. एखाद्या वैद्याने नाडी पाहावी तशी ही मातीची परीक्षा होती, आणि ती बऱ्याच अंशी न्याय्यही होती.

आता मुख्य प्रश्न असा, की सोळा आणे प्रतीच्या जमिनीला एकरी सारा किती? येथे विंगेट-गोल्डस्मिड यांनी प्रिंगलचा सिद्धांत बाजूला ठेवला. निव्वळ उत्पन्न मोजता येत नाही, हे त्यांनी मनोमन मान्य केले. मागील अनेक वर्षांचा वसूल, पाऊसमान, बाजारपेठेचे अंतर, लोकांची एकंदर स्थिती पाहून त्यांनी गावांच्या गटाला झेपेल असा दर अंदाजाने ठरवला, आणि तो आण्यांच्या प्रमाणात शेताशेतांवर वाटला. म्हणजे वाटणी मोजमापाने, पण वाटायची रक्कम तारतम्याने. या पद्धतीचे सारे यश आणि सारे अपयश या एका गोष्टीत आहे. 1836 मध्ये इंदापुरात हे तारतम्य शेतकऱ्याच्या बाजूचे होते. दर हलके ठेवले, 30 वर्षे ते वाढणार नाहीत अशी हमी दिली. विहीर खणली म्हणून सारा चढणार नाही, हेही त्यात आले. पडीक जमीन पुन्हा नांगराखाली आली.

तीस वर्षांची मुदत 1866 मध्ये संपली. साखळी तीच, नंबर बहुतांशी तेच, माती तर तीच. बदलले ते अधिकाऱ्यांचे तारतम्य. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (1861 ते 1865) मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता आणि त्यापाठोपाठ सगळ्याच शेतमालाचे भाव चढले होते. पुणे-सोलापूर लोहमार्ग तालुक्याजवळून गेला होता. ही भरभराट कायमची आहे असे समजून इंदापूरचा सारा निम्म्याहून अधिक वाढवला गेला. पुढच्या काही वर्षांतच भाव कोसळले. पुण्याच्या सार्वजनिक सभेने वाढीव आकारणीविरुद्ध सरकारदरबारी गाऱ्हाणे मांडले. पुढे सरकारनेच मर्यादा घातली: वाढ तालुक्यामागे 33 टक्के, गावामागे 66 टक्के आणि एका खात्यामागे 100 टक्के यांहून अधिक नसावी. हे शहाणपण उशिरा आले.

दरम्यान दुसरी एक गोष्ट घडली होती, आणि ती मोजणीच्या उत्तमपणातून घडली होती. पूर्वीचा मिरासदार आणि उपरी हा भेद नव्या व्यवस्थेने पुसून टाकला. सारा भरणारा तो खातेदार. त्याचा हक्क वंशपरंपरेचा आणि विकता येण्याजोगा झाला, 1865 च्या कायद्याने त्यावर शिक्कामोर्तब केले. नंबर पक्का, हद्द पक्की, सारा पक्का. अशी जमीन सावकाराच्या दृष्टीने उत्तम तारण ठरते. कुळाच्या पिकावर कर्ज देणारा सावकार आता जमिनीवर कर्ज देऊ लागला आणि दिवाणी न्यायालये त्याला हुकूमनामे देऊ लागली. विंगेटला याची चाहूल लागली होती. शेतकऱ्यांच्या कर्जबाजारीपणाविषयी त्याने 1852 मध्येच सरकारला लिहिले होते. 12 मे 1875 रोजी भीमथडी तालुक्यातील सुपे येथे बाजारच्या दिवशी लोक सावकारांच्या घरांवर चालून गेले. त्यांना हवे होते ते कर्जरोखे आणि हुकूमनामे. ते हाती लागताच जाळले गेले. हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरले. चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाने मुख्य दोष कर्जाला दिला, तरी आयोगातील ऑकलंड कॉल्विन यांनी वाढीव साऱ्याकडे स्पष्ट बोट दाखवले. महात्मा फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये दर तीस वर्षांच्या पैमाशीवर घेतलेला आक्षेप या पार्श्वभूमीवर वाचला पाहिजे.

शहरी वाचकाच्या दृष्टीने याहून महत्त्वाची एक उणीव या पद्धतीत होती. ही मोजणी सारा कुणाकडून घ्यायचा हे ठरवण्यासाठी झाली. मालक कोण, हे ठरवण्यासाठी नव्हे. एका नंबरात चार भाऊ कसत असले तरी वहीत सहसा एकाचे नाव लागे, कारण सरकारला पैसे भरणारा एक जबाबदार माणूस पुरे होता. हक्कांची नोंद ठेवण्याचा कायदा मुंबई इलाख्यात 1903 मध्ये आला. पोटहिस्से त्यानंतर हळूहळू मोजले गेले. हक्कांची नोंद गाव नमुना सातमध्ये आणि पिकांची नमुना बारामध्ये. दोन्ही एकत्र म्हणून सात-बारा. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता 1966 च्या कलम 157 नुसार ही नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते. म्हणजे तो पुरावा आहे, पण खोडून काढता येण्याजोगा. उताऱ्यावर नाव आहे म्हणून निश्चिंत होऊन पैसे मोजणाऱ्याने हा ‘उलट सिद्ध होईपर्यंत’ नीट वाचावा. त्यासाठी जुने फेरफार काढून पाहण्याचा कंटाळा करू नये.

हद्दीचा वाद झाला, की आजही अर्ज भूमी अभिलेख कार्यालयात जातो. मोजणीदार आता उपग्रहाशी जोडलेले रोव्हर यंत्र घेऊन येतो आणि काही तासांत शेताचे कोपरे अचूक सांगतो. मात्र तो कोपरा मुळात कोठे होता, हे यंत्राला कळत नाही. त्यासाठी कचेरीतले जुने टिपण काढावे लागते. त्याचा कागद घडीवर फाटलेला असतो, कडा झडलेल्या असतात, आणि त्यावर मोडीच्या वळणाने लिहिलेली मापे असतात साखळ्या आणि आण्यांची.