आकड्यांच्या तक्त्यात न दिसणारे कोपर

२०१८च्या बेसबॉल हंगामात अमेरिकेच्या नॅशनल लीगमध्ये मॅक्स शेर्झर या पिचरच्या, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याच्या, नावावर १८ विजय आणि ७ पराभव होते. जेकब डीग्रॉमच्या नावावर १० विजय आणि ९ पराभव. तरीही सर्वोत्तम पिचरचा ‘साय यंग’ पुरस्कार मिळाला डीग्रॉमला, आणि पहिल्या पसंतीच्या ३० पैकी २९ मतांनी!

आपल्याच फलंदाजांनी धावा केल्या नाहीत, तर पिचरने कितीही टिच्चून मारा केला तरी सामना हातचा जातो. म्हणून विजयांपेक्षा ‘ईआरए’ पाहतात. क्षेत्ररक्षकांच्या चुकांमुळे गेलेल्या धावा वगळून नऊ डावांमागे किती धावा दिल्या, ती ही सरासरी. डीग्रॉमची १.७०, शेर्झरची २.५३. शेर्झरने बळी जास्त टिपले हे खरे, पण एवढी तफावत त्याने भरून निघत नाही.

डॉक्टरची नजर मात्र टाकलेल्या डावांच्या रकान्यावर जाते. डीग्रॉमने २१७ डाव टाकले. १९६६ मध्ये सँडी कोफॅक्सने ३२३ टाकले होते; सरासरी १.७३, विजय २७. हा तक्ता पाहून कोणालाही वाटेल, गडी ऐन भरात आहे. प्रत्यक्षात कोपराच्या संधिवाताने तो जेरीस आला होता आणि त्याच वर्षी, वयाच्या तिसाव्या वर्षी, त्याने निवृत्ती घेतली.

क्रिकेटमध्ये गोलंदाजाला कोपर फार सरळ करता येत नाही, मर्यादा १५ अंशांची. पिचर मात्र वाकवलेला हात चाबकासारखा फेकतो. प्रत्येक चेंडूला कोपराच्या आतल्या बाजूचा अस्थिबंध ताणला जातो आणि दोरीसारखा झिजत जातो. १९७४ मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या डावखुऱ्या पिचरच्या उजव्या हातातला स्नायूबंध काढून डाव्या कोपरात बसवला. जॉन १९७६ मध्ये मैदानात परतला आणि १९८९ पर्यंत खेळला. शस्त्रक्रियेला आजही त्याचेच नाव आहे.

डीग्रॉमवर ती २०१०मध्येच झाली होती. २०२१मध्ये त्याची सरासरी १.०८ होती, पुरस्काराच्या वर्षापेक्षाही सरस. पण डाव फक्त ९२. जुलैनंतर तो त्या हंगामात खेळलाच नाही. जून २०२३मध्ये त्याच कोपरावर दुसऱ्यांदा शस्त्रक्रिया झाली.